तीन बटनं

बायकोचा फोन उचलला आणि तिथेच घात झाला.

"जेवले का?" मीराबाईने विचारलं.

"जेवतो नं. गाडी काट्यावर उभी हाय," लहानू म्हणाला. तेवढ्या बोलण्यात समोरच्या कॉम्प्युटरने स्वतःला कुलूप लावून घेतलं होतं. थोडा वेळ बटनांना बोट लागलं नाही की तो असंच करी. उघडायचा तर कंट्रोल, अल्ट आणि डिलीट, तिन्ही बटनं एकदम दाबायची.

लहानूचा उजवा हात कोपराच्या वरच संपत होता. सिलतऱ्याच्या याच कारखान्यात, क्रेनवर असताना गेला. मग कंपनीने त्याला काटाघरात बसवलं. ट्रक काट्यावर चढला की वजन घ्यायचं, पर्ची काढायची. डाव्या हाताने तो बाकी सगळं शिकला. माऊस केव्हाच बाजूला सारला होता. एकट्या हाताने किती ठिकाणी धावायचं? अल्ट-टॅबने वजनाच्या खिडकीतून पर्चीच्या खिडकीत, मग कंट्रोल-पी, एंटर, की पर्ची बाहेर. अडायचं ते फक्त या तीन बटनांपाशी. दोन डाव्या कोपऱ्यात, तिसरं पार तिकडे. उजव्या बाजूलाही एक कंट्रोल होतं, पण ते मेलेलं. "हा कीबोर्डबी माह्यासारखाच हाय," असं तो स्टोअरवाल्याला म्हणाला होता. स्टोअरवाला हसला. नवा कीबोर्ड काही आला नाही.

मग साक्षीला हाक मारायची. ती बाजूच्या टेबलावर गेटपास बनवायची. नागपूरकडच्या घरातली पोट्टी. मराठी सगळं समजे, उत्तर हिंदीत देई.

"साक्षी, जरा ये न बाई."

"हव काका, आती हूँ."

खांद्यावरून वाकायची, दोन हातांनी तिन्ही बटनं दाबायची आणि निघून जायची. दिवसातून कितीदा बोलावलं तरी कधी वैतागली नाही. तेच लहानूला टोचायचं. तिला बोलवायला लागू नये म्हणून तो चहाला उठत नसे, लघवी दाबून बसे, आणि काम नसलं तरी उगाच एखादं बटन दाबत राही.

आता साक्षी पास घेऊन मोठ्या ऑफिसात गेली होती. खिडकीत ट्रकवाल्याचं तोंड आलं.

"का होगे भैया? पर्ची देबे कि नइ?"

"देतो. थांब."

मागच्या ट्रकने हॉर्न दिला. लहानूने डाव्या हाताची दोन बोटं कंट्रोल आणि अल्टवर रोवली, कमरेतून वाकला आणि हनुवटीने डिलीट शोधू लागला. हनुवटीखाली भलतंच बटन आलं. पुन्हा वाकला. चष्मा घसरून बटनांवर पडला. त्याने वर पाहिलं तेव्हा ट्रकवाल्याने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

लहानूच्या कानशिलात रक्त चढलं. तो कीबोर्ड उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटला. फेकला नाही. हाताखाली जे मोठं बटन होतं, शिफ्टचं, त्याच्यावर त्याने रागाने बोट आपटलं. आपटलं, आपटलं, आपटतच राहिला.

टूँ.

पडद्यावर एक चौकोन आला. हा चौकोन त्याने आधीही पाहिला होता. दर वेळी एस्केप मारून हाकलून दिला होता. आज हाकलून तरी काय करायचं होतं? चष्मा चढवून तो इंग्रजी अक्षरं जोडत वाचू लागला. स्टिकी कीज म्हणजे काय ते त्याला कळेना. पण पुढचं कळलं. वन की अ‍ॅट अ टाइम.

त्याने एंटर दाबलं. मग कंट्रोल दाबलं आणि बोट उचललं. अल्ट दाबलं, उचललं. बोट सावकाश उजवीकडे नेलं, डिलीट दाबलं.

पडदा उघडला. पासवर्ड टाकायची जागा समोर आली.

"आयला," लहानू पुटपुटला. "इतके दिवस मले कोणी काहून नाही सांगितलं?"

पर्ची निघाली. ट्रक उतरला, मागचा चढला. त्याचीही पर्ची निघाली.

साक्षी परत आली तेव्हा कंट्रोल दाबलं की टूँ, अल्ट दाबलं की टूँ असा आवाज चालू होता.

"ये क्या बज रहा है काका? कुछ उल्टा-सीधा दब गया लगता है. रुको, मैं बंद कर देती हूँ." तिने वाकून माऊस धरला.

"हात नोको लावू!"

आवाज त्याला वाटलं त्याहून मोठा निघाला. साक्षी दचकली. तिचा चेहरा उतरला.

"मैं तो आपकी हेल्प ही कर रही थी."

"हव. माहीत हाय मले." लहानूने घसा साफ केला. "पाह्य आता."

त्याने खिडकीचं चित्र असलेलं बटन दाबलं, सोडलं आणि एल दाबलं. कॉम्प्युटरला पुन्हा कुलूप लागलं.

"अरे काका! बाहर लाइन लगी है!"

बाहेर खरंच तिसरा ट्रक काट्यावर चढून हॉर्न देत होता. लहानूने तिकडे पाहिलं नाही. त्याने एक बोट उचललं आणि कंट्रोलवर ठेवलं.

साक्षीचे दोन्ही हात सवयीने पुढे आले. मग तिने ते मागे नेले आणि पाठीशी घट्ट धरून उभी राहिली.