निषादचं आवडीचं गाणं

दुपारी घरचे सगळे दुकानात गेले की मी बाळाला झोळीत घालते आणि रेडिओ लावते. त्या वेळच्या कार्यक्रमात दोन म्हातारे साठच्या दशकातली इंग्रजी रॉक आणि सोल गाणी लावतात, आणि गाण्यांवरून भांडत बसतात. गाण्यांचे शब्द मला अर्धेच कळतात, पण त्या दोघांच्या आवाजानं बाळ लगेच झोपतं.

"ड्रम ऐक, ड्रम," एकजण म्हणाला.

"ड्रमचं काय घेऊन बसला लेका? गाणारा बघ, कसा रडून राह्यला."

मला हसू आलं. मी झोका देत राहिले. बाहेर आमची मस्तगडची गल्लीही पेंगुळल्यासारखी झाली होती.

"हे निषादचं लई आवडीचं होतं," पहिला म्हणाला.

माझा हात थांबला.

बारसं रविवारी आहे. आत्यानं कानात सांगेपर्यंत नाव फोडायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. निषाद हे नाव मी मनातच ठरवलंय. नणंदेलासुद्धा अजून सांगितलेलं नाही.

"कोन निषाद? मस्तगडचा?"

"तोच की. झोळीत होता तवापासून आपलाच कार्यक्रम ऐकायचा."

"मंग आता त्याची फर्माईश का येत न्हाई?"

मागे गाणं चालूच होतं. मी उठून आवाज वाढवला आणि रेडिओला कान लावला.

"सांग की," दुसरा म्हणाला.

"हळू बोल," पहिला कुजबुजला. "त्याची आई ऐकून राह्यली."