उभं मशीन

एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेल्या अमृतरावांना घरच्या पत्र्याच्या शेडात जमिनीवर उभं राहणारं ड्रिल मशीन हवं होतं. दोन वर्षांत हिंगोली पालथी घातली, नांदेड झालं. एक मशीन हलायचं, एकाचं टेबल लहान, आणि चांगलं असेल ते परवडायचं नाही. तोवर हातातल्या ड्रिलवर भागत होतं. लोखंडी पट्टी फिरू नये म्हणून त्यांच्या पत्नी चांगुणाबाई ती दोन्ही हातांनी दाबून उभ्या राहायच्या.

"हलू नको म्हणलं ना! गेलं ना भोक वाकडं!" ते खेकसायचे.

आजही त्यांना पट्टी धरायला लावून ते फोनवर दुकानदाराशी हुज्जत घालत होते. "अहो, दिवसभर उभं राहून हललं न्हाई पायजे, आवाज न्हाई पायजे, अन् खर्चबी न्हाई पायजे. असलं एक मशीन तुमच्यापाशी काहून न्हाई?"

चांगुणाबाईंनी पट्टी खाली टाकली. हाताला चिकटलेला लोखंडाचा कीस पदराला पुसला.

"त्यायच्यापाशी कुठून असंल? ते तर चाळीस वर्षांमागं तुमीच हट्टा गावाहून लगीन करून आणलं. आजपासून बंद हाय ते."