बघा, चालतोय
सर्व्हिस सेंटरवाल्याने कॅमेरा दिशावर रोखला, फोटो काढला आणि स्क्रीन तिच्यापुढे धरून म्हणाला, “बघा ताई, चालतोय.” दर खेपेला तो तिच्या वडिलांचाही असाच फोटो काढायचा, आणि निफाडला पोचेपर्यंत कॅमेरा पुन्हा मान टाकायचा. आता अण्णाच गेले होते. उद्या गंगेवर दशक्रिया, बॅनरसाठी फोटो हवा होता. पण गावभराचे फोटो काढणारे अण्णा स्वतःवर मोबाइल रोखला की तोंड फिरवायचे. त्यांचे फोटो होते ते इथलेच, याच काउंटरपुढचे, कपाळाला आठ्या घातलेले. एखाद्यात तरी हसले असतील म्हणून दिशा एकेक फोटो मागे जात राहिली. तेवढ्यात स्क्रीन काळी पडली. “ठेवून जा, सोमवारी बघतो,” तो म्हणाला. दिशाने कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड तेवढं काढून घेतलं. उद्या घाटावर येणाऱ्या प्रत्येकाकडे अण्णा असेच चिडून बघणार होते.