हलकी गाडी

मातीच्या चढावर मोटारसायकल बंद पडली, तशी केतकी शालू सावरत मागच्या सीटवरून उतरली. लग्नानंतर जोडीनं कुलदैवताला निघालेली ती दोघं पुढं, आणि सासरची मंडळी मागून जीपमध्ये.

गाडी तिच्या माहेरची. "शिकायला हलकीच बरी," वडील म्हणाले होते. "पडलीस तर एकटीला उचलता येईल." पडत, उचलत तिनं असले कितीतरी डोंगर पालथे घातले होते. आज मात्र नवऱ्यामागं एका बाजूला पाय सोडून बसायचं, असं सासूबाईंनी बजावलं होतं.

नवरा स्टार्टर दाबून दाबून घामाघूम झाला. वळणावर त्याच्याच अंगठ्यानं इंजिन बंद करायचं लाल बटण दाबलं गेलं होतं. तिला ते दिसत होतं.

"अहो, ते लाल बटण..."

"आता तू मला गाडी शिकवणार? गप ढकल मागून!"

हिरवा चुडा भरलेल्या हातांनी तिनं मागचं कॅरिअर धरलं. तेवढ्यात जीप शेजारी आली. काच खाली करून सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "सून दणकट मिळाली हो!"

वडील खरंच बोलले होते, गाडी हलकीच होती. नवरा तेवढा वरून उतरला नाही.