गप्प चाक

जुन्या विमानाची ती हुबेहूब प्रतिकृती उद्या पहिल्यांदा उडणार होती, आणि उडवणार होती मिस्त्रींची लेक. बेअरिंगमध्ये कणभर कचरा असला तरी नुसत्या आवाजावरून ओळखणारे मिस्त्री सकाळपासून बेचैन होते. डावं चाक त्यांनी तिसऱ्यांदा उघडलं, पुसलं, ताजं ग्रीस भरलं आणि कान लावून फिरवलं. चाकानं चकार शब्द काढला नाही.

"बाबा, गप्प आहे तर बरंच की! किती जीव खाल त्याचा?" लेक वैतागली.

"नवंकोरं बेअरिंगसुद्धा थोडं तरी बोलतं गं. हेच एवढं गरीब कसं?" मिस्त्रींनी पुन्हा पाना उचलला.

 

"ते राहू द्या. खिशातला फोन केव्हाचा बारीक किणकिणतोय, घेत का नाही तुम्ही?"