दहापैकी शून्य

“दहापैकी दहा,” म्हणत मंडळाच्या बाईने सोळाव्या कामगाराच्या नावापुढे आकडा लिहिला आणि दाराशी स्टुलावर बसलेल्या मावशीच्या जिवात जीव आला. सोळा जण सुटले होते. आता तिचा नंबर.

कामाच्या जागी माणसं धडधाकट राहावीत म्हणून आसपासच्या सगळ्या कारखान्यांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. बाई त्या मंडळाची, पंचविशीची आणि कामाला नवी. कान तपासायचं यंत्र वाटेतच बिघडलं म्हणून ती सुताच्या गोदामात टेबल टाकून बसली होती. ती हळू आवाजात एकेक शब्द म्हणायची, समोरच्याने तो परत म्हणायचा. सकाळी तिने सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. कापड विणायच्या मागांच्या आवाजाने कान गेले असतील तर मालकाने शेडमधला आवाज कमी करायचा, कानांवर लावायला झाकणं द्यायची, ज्याला गरज असेल त्याला कानाचं मशीन द्यायचं, आणि कोणालाही कामावरून काढायचं नाही. हे शेवटचं कोणाला खरं वाटलं नव्हतं. बहिऱ्याला कामावर कोण ठेवतो?

मावशीचा उजवा कान दहा वर्षांपूर्वी गेला, डावा त्याच्या पाठोपाठ. शेडमध्ये कोणाला पत्ताही लागला नाही. पन्नास मागांच्या खडखडाटात ओरडून घसा कोण फोडून घेणार? तिथे सगळे ओठांनीच बोलायचे. या टोकाला मुकादमाच्या टकलावर कोणी विनोद केला की त्या टोकाला हसू फुटायचं. अडचण एकच होती, फोनला ओठ नसतात. परगावच्या लेकीचा फोन आला की मावशी “तूच बोल गं, माझे हात ओले आहेत,” म्हणून तो सुनेकडे द्यायची. लेकीला वाटायचं, आई रागावली आहे.

समोर मालकाची काचेची खोली होती. सवयीने मावशीचं लक्ष तिकडे गेलं. मालक मुकादमाशी बोलत होता.

“सगळे पास होतायत. म्हणजे झाकणं नकोत, काही नको, वर मंडळाचा शाबासकीचा बोर्ड दारावर. बोर्ड लागला की त्या म्हातारीला घरी पाठव. काल मागून तीन हाका मारल्या, ढिम्म हलली नाही.”

मुकादमाने मान डोलावली.  मावशीला राग आला, आणि राग आल्यावर तिला जरा बरं वाटलं.

“या मावशी, बसा,” बाई म्हणाली. “पाणी.”

“पाणी.”

“कात्री.”

“कात्री,” मावशी म्हणाली आणि टेबलावरचा एक कोरा कागद उचलून तिने बाईच्या हातात दिला. “पोरी, हा तोंडापुढे धर. मग म्हण.”

बाईने गोंधळून कागद धरला. वर तिचे डोळे तेवढे दिसत होते. कागद मधूनमधून तिच्या श्वासाने जरा हलायचा. मावशी मांडीवर हात ठेवून शांत बसून राहिली. शेवटी कागद खाली आला.

“मावशी, दहा शब्द म्हटले मी.”

“म्हटले असशील. आता आधीच्या सोळा जणांचं काय ते तूच ओळख.”

बाईचा चेहरा उतरला. तिने सोळाच्या सोळा दहांवर काट मारली. मग विचारलं, “पण तुम्ही सुटला असतात की. का सांगितलंत?”

“लेकीशी बोलायचंय फोनवर,” मावशी म्हणाली.

ती उठून शेडच्या दारात जाऊन उभी राहिली. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाली, “परत या सगळे. या खेपेला बाई तोंड झाकणार आहे. लपवून उपयोग नाही, मला काढायचं तर मघाशीच ठरलंय.”

एकेक माग थांबत गेला. शेवटचा थांबला तेव्हा पायाखालची जमीन थरथरायची थांबली, आणि शेड शांत झाल्याचं पुष्कळांना त्यावरूनच कळलं.

मालक धावतच बाहेर आला. “माग कोणी थांबवले?”

बाईने वही त्याच्यापुढे धरली. “मावशी, दहापैकी शून्य. बाकीच्यांची तपासणी पुन्हा होईल.”

“ढोंग आहे हे. परवापर्यंत हिला सगळं कळत होतं.”

“अजून कळतं,” मावशी त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली. “बोर्ड लागला की म्हातारीला घरी पाठव, हेसुद्धा कळलं.”

मुकादम स्वतःच्या चपला बघू लागला. बाईने पेनाचं टोपण काढलं. “हेही लिहून घेते. घरी कोणीच जाणार नाही. महिन्याभरात झाकणं आणि कानाची मशीनं आली, शेडमधला आवाज उतरला, तर बोर्ड. नाहीतर नाही.”

बोर्डाशिवाय मोठं गिऱ्हाईक ऑर्डर देणार नव्हतं. शेडमध्ये ते सगळ्यांना ठाऊक होतं. तेही त्यांनी काचेतूनच वाचलं होतं.

“महिन्याभरात,” मालक कसाबसा म्हणाला.

मावशी रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिला हसू आवरत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा ती नापास झाली होती आणि सगळे तिच्या पाठीवर थाप मारत होते.

मालक मुकादमाला घेऊन खोलीत गेला, दार घट्ट लावून घेतलं, आणि काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं.

रांगेतल्या चाळीस माना काचेकडे वळल्या.

मालकाने तोंड मिटलं.