डावा, उजवा

तुंग सेक-फायने लाउ वाय-किनचं डोकं कीबोर्डवर आपटलं. पडद्यावर एकाच अक्षराची ओळ उमटली आणि डोकं उचलेपर्यंत वाढतच गेली.

"माझा ठोसा मेला," तुंग म्हणाला. सगळे त्याला दादा म्हणत; दुसरं काही म्हणणारे फारसे उरले नव्हते. "हा ठोसा आहे की गच्चीत कुणी उशी झटकतंय?"

लाउने नाकाचं रक्त बाहीला पुसलं. क्वुन तोंग भागातल्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत त्याची खोली होती. लग्नाचे व्हिडिओ, चपलांच्या जाहिराती, अशी सभ्य कामं तो करायचा. हे काम त्याच्याकडे आलं, कारण आधीच्या माणसाने आवाजात बारीक खरखर राहू दिली होती. त्या माणसाला आता एका बाजूने खरखरही ऐकू येत नाही.

फिल्म दादाच्या आयुष्यावर होती. दादाचं काम दादानेच केलं होतं. मार खाणाऱ्यांना अभिनय जमेना, म्हणून त्यांना खरंच मारण्यात आलं. मासळीबाजारातल्या प्रसंगात एकाचा जबडा पहिल्याच फटक्यात निखळला. दिग्दर्शकाने समाधान व्यक्त केलं. प्रत्येक मारामारीनंतर दादा कॅमेऱ्यासमोर उभा राहून शांतपणे खुलासा करायचा. हा विधवेला छळत होता, तो म्हाताऱ्याचं दुकान बळकावत होता. आणि अगदी शेवटी मान लववून म्हणायचा, "आई, मी बाबांसारखा झालो नाही. आता तरी घरी चल."

सगळा खटाटोप त्या एका वाक्यासाठी होता. दादाची आई सरकारी वसाहतीतल्या खुराड्यात एकटी राहायची. मुलाच्या समुद्राकाठच्या घराचा उंबरा तिने कधी ओलांडला नव्हता. आज दुपारी तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाची मेजवानी होती. हॉटेलात येऊन जेवायला ती तयार झाली होती, तेवढंच.

"दादा, फिल्मचा आवाज सहा चॅनेलांत आहे," लाउ म्हणाला. "हॉटेलात स्पीकर दोनच. सहांना दोनांत बसवायचं तर प्रत्येकाला थोडं दाबावं लागतं."

"आमच्या धंद्यात दाबलं की आवाज मोठा निघतो."

मागे उभी असलेली माणसं हसली. दादाने वळून पाहिलं. हसणं थांबलं.

"आणि हा बिटरेट दोनशे छप्पनच का? माझ्या आईच्या ऐंशीला हलका माल? दुप्पट कर!"

लाउने दुप्पट केला. उशी आणखी स्वच्छ झटकली गेली.

मग दादा स्वतःच पडद्याशी वाकला आणि पर्यायांच्या यादीवरून बोट फिरवू लागला. बोट एका ओळीवर थांबलं. "हे काय? 'फक्त पुढचे दोन, डावा आणि उजवा.' झालं की! दोन स्पीकर, दोन चॅनेल. हेच घे."

फिल्ममध्ये बोलणं मधल्या चॅनेलमध्ये ठेवतात. ठोसे, काचा, किंकाळ्या डाव्या-उजव्या बाजूला. डावा-उजवा घेतला की मधला जातो. हे कारागिराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. दादा गेली तीस वर्षं दुसऱ्या कामात होता.

"दादा, पण बोलणं मधल्या..."

दादाने त्याच्या कानाखाली वाजवली. "मध्ये बोलायचं नाही!"

आणि बटण स्वतः दाबलं.

मासळीबाजाराचा प्रसंग लावला. आता कुणी कुणाला दाबत नव्हतं. पहिला ठोसा असा आला, की टेबलावरचा चहा सांडला. जबडा निखळल्याचा आवाज ऐकून तर कडेच्या माणसालाही स्वतःचा चाचपून बघावासा वाटला. दादाचे डोळे भरून आले. "हा! हा माझा हात."

"एकदा शेवटचं वाक्यसुद्धा ऐकून घ्या, दादा," लाउ म्हणाला.

"ते मला पाठ आहे. तुला अजून काही ऐकायचंय?" दादाच्या खुणेसरशी एकाने लाउचा कान चिमटीत धरला आणि खिशातून चाकू काढला.

लाउला अजून काही ऐकायचं नव्हतं.

हॉटेलात भाजलेलं डुकराचं पिल्लू आलं, पीचच्या आकाराचे गोड पाव आले, आणि दिवे मंद झाले. पहिल्या ठोशाला कप थरथरले. माणसांनी टाळ्या पिटल्या. मग पडद्यावरचा दादा समोर येऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलले. शब्द आला नाही. लगेच पुढच्या माणसाची बरगडी मोडली. ती छान ऐकू आली. पुन्हा ओठ हलले. पुन्हा काही नाही. पुन्हा किंकाळी. टाळ्या विरळ होत थांबल्या. आई डोळ्यांची पापणी न लववता बघत होती. शेवटी दादाने मान लववली, तोंड उघडलं, मिटलं, आणि फिल्म संपली.

फिल्म लावायला बसवलेल्या लाउला दादाने मशीनमागून फरफटत बाहेर ओढलं. पहिल्या फटक्यात दात गेला. दुसऱ्यात लाउ पिल्लाच्या ताटावर पडला. अखेरचं गाणं दोन्ही स्पीकरांतून ठणाणत होतं, त्यामुळे दादा काय ओरडतोय ते कुणाला समजेना.

आई उठली. काठी टेकत आली. कुणीतरी घाबरून गाणं बंद केलं. दादाची मूठ हवेत तशीच राहिली.

"याला कशाला मारतोस रे, आह-फाय?" ती म्हणाली. "फिल्म बरोबर आहे. तुझ्या बापाचंही तोंड असंच हलायचं. ऐकू यायचा तो फक्त मार."